पडलेल्या मनोऱ्याचे देणे

जी वास्तू आता उरलेलीच नाही, तिचे आपण काही देणे लागतो काय? प्रश्न वरवर विचित्र वाटेल. देणे माणसांचे लागते. मृतांचेही लागते, म्हणून तर ख्रिस्तसभा आपल्याला त्यांच्यासाठी प्रार्थना करावयास शिकवते. पण चुना, जांभा आणि लाकूड यांचे देणे कसले? असे असूनही नाहीशा झालेल्या एखाद्या शहराचे जुने छायाचित्र हाती आले की मन खंतावते, आणि त्या खंतीत दुःखाबरोबर अपराधाचीही एक अस्पष्ट छटा असते. ही छटा येते कोठून? तिला काही नैतिक अर्थ आहे, की ती केवळ भावविवशता आहे? या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही जुन्या गोव्याची काही छायाचित्रे वाचकांसमोर ठेवू इच्छितो. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे संत फ्रान्सिस झेविअर यांच्या दर्शनासाठी कधी ना कधी तेथे जाऊन आलेली आहेत. शहर ओळखीचे आहे. आपण पाहिले ते किती आणि न पाहिले ते किती, याचा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडला असेल.

१५१० साली आफोन्सो द आल्बुकर्क याने आदिलशहाकडून हे शहर जिंकले आणि पुढील शंभर वर्षांत ते पूर्वेकडील पोर्तुगीज साम्राज्याची वैभवशाली राजधानी बनले. सतराव्या शतकापासून साथींनी ते पोखरले. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपला मुक्काम पणजीच्या बाजूस हलवला आणि १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा दर्जा रीतसर मिळाला. आता दुसरीकडे पाहावे. छायाचित्रणाचा शोध पॅरिसमध्ये जाहीर झाला तो १८३९ साली, आणि मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली ती १८५४ साली. त्यापूर्वीच, १८२० मध्ये, व्हाइसरॉयचा राजवाडा पाडण्यात आला होता. ज्या संत पॉल विद्यालयात १५५६ साली भारतातील पहिला छापखाना आला, ते १८३० च्या सुमारास उतरवले गेले व त्याची एक कमान तेवढी राहिली. संत डॉमिनिकच्या संघाचे भव्य चर्च १८४१ मध्ये गेले. आज ज्याच्या दर्शनी भागाला एकच मनोरा आहे त्या से कॅथेड्रलचा दुसरा मनोरा तर १७७६ मध्येच कोसळला होता. दफनविधी आटोपल्यावर घरी पोहोचलेल्या नातलगासारखा कॅमेरा जुन्या गोव्यात आला. जे उरले होते तेवढेच त्याने पाहिले.

तरीही त्याने पाहिले ते थोडे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पणजीच्या सोझा आणि पॉल या छायाचित्रकारांनी गोव्याची अनेक दृश्ये टिपून ठेवली आहेत. १८९० साली संत फ्रान्सिस झेविअर यांच्या पवित्र शरीराचा दर्शनसोहळा झाला, त्या काळातील हे काम. त्या सुमाराच्या छायाचित्रांत माडांच्या राईतून वर आलेले चर्चचे माथे दिसतात, पांढऱ्या भिंती दिसतात, आणि जेथे एके काळी बाजारपेठ गजबजत होती तेथे झाडीखेरीज काही दिसत नाही. यांतील दोन दृश्यांपाशी आम्ही वाचकांना थोडे थांबवणार आहोत.

पहिले दृश्य मोन्ते सांतो टेकडीवरील कृपामाउलीच्या चर्चचे, ज्याला आपण संत ऑगस्टिनचा मनोरा म्हणून ओळखतो. ऑगस्टिनियन संघाच्या धर्मबंधूंनी १५९७ मध्ये त्याचे बांधकाम हाती घेतले आणि १६०२ मध्ये ते पूर्ण केले. छायाचित्रात दर्शनी भिंत उभी आहे, मनोरा उभा आहे, परंतु त्यांच्या मागे छत नाही; ते १८४२ मध्येच कोसळलेले होते. पुढे १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग पडला, १९३८ मध्ये आणखी काही भाग गेला, आणि आज सुमारे ४६ मीटर उंचीचा जांभ्याचा एक उभा तुकडा यात्रेकरूंच्या स्वागताला शिल्लक आहे.

आमच्या मते येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की, या मनोऱ्यावर कोणत्याही शत्रूने तोफ डागली नाही. तो भूकंपाने पडला नाही, की आगीत जळाला नाही. पोर्तुगालमधील सरकारने १८३४ मध्ये धर्मसंघांवर बंदी घातली, १८३५ मध्ये ती गोव्यात लागू झाली आणि धर्मबंधूंना मठ सोडावा लागला. त्यानंतर अवघ्या सात वर्षांत छत खाली आले. प्रत्येक पावसाळ्यानंतर कौले सारखी करणारे, भेगेत उगवलेले पिंपळाचे रोप वेळीच उपटणारे, संध्याकाळी दार लावणारे हात तेथे राहिले नाहीत. वास्तू माणसाच्या नित्याच्या येण्याजाण्यावर जगते. प्रार्थना थांबली की थोड्याच काळात भिंतीही थकतात. अपराधाच्या ज्या छटेविषयी आम्ही आरंभी लिहिले, तिचे एक मूळ येथे सापडते. छायाचित्रात आपल्याला उपेक्षा दिसते, आणि उपेक्षा हा असा दोष आहे की ज्यात कोणाचाही हात दिसत नाही, पण सर्वांचा असतो. कन्फितेओर म्हणताना आपण विचाराने, शब्दाने व कृतीने केलेल्या पापांबरोबर कर्तव्यात केलेली कसूरही कबूल करतो. पडक्या मनोऱ्यांचे कारण बहुधा या चौथ्या रकान्यात नोंदवावे लागते.

मनोऱ्याची घंटा मात्र वाचली. १८७१ मध्ये ती पणजीच्या निष्कलंक मातेच्या चर्चवर चढवण्यात आली आणि ती आजही तेथे आहे. वसईकरांना यावरून आपल्या घंटांची आठवण होईल. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यानंतर तेथील चर्चच्या घंटा दूरदूर गेल्या. भीमाशंकरच्या आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटांची कथा महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. जी वस्तू वापरात राहते ती टिकते, मग तिचे घर बदलो की तिला हात जोडणारे बदलोत.

दुसरे दृश्य बॉम जेझसचे. या चर्चचा पाया १५९४ मध्ये घातला गेला आणि १६०५ मध्ये त्याचे अभिषेचन झाले. त्याच्या नक्षीकामाचा काळा दगड आपल्या वसईकडून समुद्रमार्गे नेण्यात आला होता. गोव्याच्या भूमीत जांभा विपुल, काळा पाषाण दुर्मीळ. म्हणून पोर्तुगिजांनी तो उत्तरेकडून आणवला. संतांच्या समाधीवरील त्या वास्तूत आपल्या किनाऱ्याचाही वाटा आहे, हे वसईच्या मुलांना सांगण्यासारखे आहे.

आज आपण जे बॉम जेझस पाहतो ते तांबूस, उघड्या जांभ्याचे आहे. दिनदर्शिकांवर, टपालाच्या कार्डांवर, यात्रेकरूंनी आणलेल्या चित्रांत तेच रूप आहे, आणि हे चर्च मुळापासून असेच असणार अशी आपली खात्री झालेली असते. जुनी छायाचित्रे वेगळी साक्ष देतात. त्यांत बाहेरच्या भिंतींवर चुन्याचा पांढरा गिलावा आहे. १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुतज्ज्ञ बाल्ताझार कास्त्रो यांच्या पुढाकाराने तो काढण्यात आला. उघडा दगड अधिक प्राचीन आणि अधिक भारदस्त दिसतो, अशी त्यामागील दृष्टी होती. पण जांभा हा सच्छिद्र दगड. कोकणचा पाऊस तो शोषून घेतो आणि झिजतो. गिलावा हे त्याचे कातडेच होते. अलीकडच्या वर्षांत तो पुन्हा चढवावा की नाही यावर गोव्यात गंभीर चर्चा झाली आहे, आणि ज्यांना तांबडा दगडच प्रिय झाला आहे त्यांना पांढऱ्या बॉम जेझसची कल्पना सहन होत नाही. म्हणजे जुन्याच्या प्रेमापोटी आपण जुन्याचे रूप बदलले, आणि आता बदललेले रूप हेच जुने असे मानून त्याचे रक्षण करू पाहत आहोत. छायाचित्राची सेवा येथे समजते. ते आपल्या भक्तीला वस्तुस्थितीपुढे उभे करते. प्राचीनतेवर आपले प्रेम आहे असे आपण म्हणतो तेव्हा ते त्या वास्तूवर असते, की आपल्या मनातील तिच्या चित्रावर, हा प्रश्न एक जुना कागद शांतपणे विचारतो.

येथे कोणी श्रद्धावान वाचक आक्षेप घेईल. दगडांची एवढी काळजी कशासाठी? मंदिराच्या भव्य शिळा शिष्यांनी कौतुकाने दाखवल्या, तेव्हा या शिळांपैकी एकीवर एकही राहणार नाही असे प्रभूने सांगितले नव्हते काय? आपण जिवंत धोंडे आहोत, असे संत पेत्र आपल्याला शिकवतो. ख्रिस्तसभा म्हणजे इमारत नव्हे, श्रद्धावंतांचा समुदाय, हे धर्मशिक्षणाच्या वर्गातील लहान मूलही जाणते. मग मनोरा पडला तर पडला!

आक्षेप खरा आहे, परंतु अर्धा. ज्या प्रभूने मंदिराचा विध्वंस वर्तवला तोच यरुशलेम दृष्टीस पडताच रडला, हेही शुभवर्तमानात आहे. जे जाणार आहे त्यासाठी रडू नये, असे त्याने आपल्याला शिकवले नाही. संत ऑगस्टिनच्या, म्हणजे ज्याचे नाव त्या पडक्या मनोऱ्याला लागले आहे त्याच्याच, हयातीत ४१० साली रोम शहर लुटले गेले. त्या धक्क्यानंतर त्याने ‘देवाचे नगर’ हा आपला महाग्रंथ लिहावयास घेतला. मानवी नगर कितीही वैभवशाली असो, ते आपले अंतिम घर नव्हे, हे त्याचे प्रतिपादन सर्वश्रुत आहे. पण म्हणून त्याने पृथ्वीवरील नगराला तुच्छ लेखले नाही. त्यातील शांती हे खरे, जपण्याजोगे मूल्य आहे आणि यात्रेकरूही तिचा उपयोग करतो, असे त्याने मानले. शहर अंतिम नाही म्हणून ते निरर्थक ठरत नाही. आपली शरीरेही अंतिम स्वरूपात आज नाहीत. तरी आपण त्यांना स्नान घालतो, पांघरूण घालतो आणि आदराने पुरतो.

शिवाय आपला धर्म देहधारणेचा धर्म आहे. शब्द देही झाला, म्हणून पदार्थाला प्रतिष्ठा आली. ७८७ साली निकेयाच्या दुसऱ्या धर्मपरिषदेने प्रतिमांच्या आदराचे समर्थन केले ते याच पायावर: प्रतिमेला दिलेला मान प्रतिमेपाशी थांबत नाही, तो मूळ व्यक्तीकडे पोहोचतो. हीच कसोटी आम्ही छायाचित्राला लावू इच्छितो. पडक्या चर्चच्या चित्राकडे पाहून दाटून आलेला आदर कोठे पोहोचतो? तो जर जांभ्यापाशी किंवा गतवैभवाच्या अभिमानापाशी थांबला, तर ती एक प्रकारची मूर्तिपूजाच होय. तो माणसांपर्यंत पोहोचला पाहिजे.

आणि माणसे छायाचित्रांत बहुधा नाहीत. सुरुवातीच्या कॅमेऱ्यासमोर वस्तू काही काळ स्थिर राहावी लागे. भिंत स्थिर राही, माणूस हलत राही. म्हणून भिंत ठळक उमटली आणि माणसाचा एक धूसर पट्टा झाला, किंवा तोही उरला नाही. जांभा खाणीतून काढणारे, चुना घोटणारे, वसईचा दगड गलबतात चढवणारे, लाकडावर देवदूतांचे चेहरे कोरणारे स्थानिक कारागीर यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. जे शहर त्यांनी उभारले त्यात त्यांना मान किती होता, हा प्रश्नही चित्र विचारत नाही. तो आपण विचारावयाचा आहे.

चौकटीबाहेर आणखीही कोणी आहे, आणि त्याविषयी मौन पाळणे आम्हांला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. जुन्या गोव्यासमोर मांडवीच्या पात्रात दिवाडी बेट आहे. तेथे नार्वे येथे कदंबांचे आराध्य सप्तकोटेश्वर याचे देवालय होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेखाली तिसवाडीतील इतर देवळांबरोबर ते पाडले गेले. भाविकांनी देव नदीपलीकडे डिचोली महालात नेला, आणि १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार करविला. कॅमेरा येण्याआधी तीनशे वर्षे पाडल्या गेलेल्या त्या देवळांचे छायाचित्र असणे शक्य नाही. म्हणून त्यांच्यासाठी कोणी डोळे पुसले नाहीत काय? नदीपलीकडे देव घेऊन जाणाऱ्या माणसाचे दुःख आणि १८३५ मध्ये मठाचे दार ओढून घेणाऱ्या धर्मबंधूचे दुःख, या दोहोंचे वजन देवाच्या तराजूत वेगवेगळे भरेल असे आम्हांला वाटत नाही. जुबिली वर्षात, २००० साली, पोप जॉन पॉल दुसरे यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांकडून झालेल्या अपराधांबद्दल जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. सत्याच्या सेवेसाठी असत्य मार्ग वापरले गेले, हे त्यात होते. आपल्या पडलेल्या मनोऱ्यासाठी रडण्याचा अधिकार आपल्याला आहे. पण आपल्या लोकांनी पाडलेल्या कळसांची आठवण ज्याने ठेवली आहे, त्याच्याच रडण्यात सत्य असते.

वास्तू गेल्यावरही काय टिकू शकते, याची एक साक्ष याच भूमीत आहे आणि ती आपल्या भाषेत आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले आणि पुढे १६४९ व १६५४ मध्ये त्याच्या आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ आपल्यापाशी आहे, कारण श्रद्धावंतांनी तो हाताने उतरवून ठेवला, गायिला, मुलांना ऐकविला. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ साली मंगळुरास जोसेफ सालढाणा यांनी तो पुन्हा छापला. छापखाना गेला, विद्यालय गेले, पण ओवी राहिली. कारण ती कोणा एका भिंतीत नव्हती, अनेक घरांत होती.

ऑगस्टिनियन मठातही असेच घडले. जॉर्जियाची राणी केटेवान १६२४ मध्ये शिराझ येथे श्रद्धेसाठी हुतात्मा झाली आणि १६२७ मध्ये तिच्या अवशेषांचा काही भाग धर्मबंधूंनी गोव्यास आणला. मठ पडल्यावर ते ढिगाऱ्याखाली गडप झाले. पण जुन्या पोर्तुगीज कागदांत त्यांची जागा, एका खिडकीजवळची, लिहून ठेवलेली होती. त्या नोंदीच्या आधारे पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले, हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये सापडलेल्या अस्थीची ओळख पटवली, आणि २०२१ मध्ये भारत सरकारने अवशेष जॉर्जियाच्या स्वाधीन केला. कोणा अनामिक धर्मबंधूने कर्तव्य म्हणून लिहिलेल्या काही ओळींनी सुमारे चारशे वर्षांनी एका राष्ट्राला त्याची संत मिळवून दिली.

तेव्हा देणे काय, याचे उत्तर आता देता येईल. पडलेल्या वास्तूचे आपण सत्य स्मरणाचे देणे लागतो, आणि ते फेडावयाचे ते उभ्या असलेल्या वास्तूपाशी. १९८६ पासून गोव्यातील चर्चे आणि मठ जागतिक वारशात गणले जातात; त्यांच्याकडे पाहणारे डोळे पुष्कळ आहेत. आपल्या धर्मग्रामांतील चर्चकडे, आळीतल्या क्रुसाकडे, कौलारू घराच्या ओटीवरील लाकडी खांबांकडे पाहणारे डोळे कोणाचे? तेथे युनेस्को येणार नाही.

आम्ही हे वास्तवाकडे पाठ फिरवून लिहीत नाही. धर्मग्राम वाढते, रविवारी लोक बाहेर उन्हात उभे राहतात, छत गळते, वाळवी तुळई खाते. अशा वेळी पाडून नवे बांधणे हे पाप नव्हे. कधी ते कर्तव्यही असते. माणसांसाठी चर्च आहे. पण पाडण्यापूर्वी काही प्रश्न स्वतःला विचारावेत. ही वास्तू खरोखर निरुपयोगी झाली आहे, की आपण तिची निगा राखण्याचा कंटाळा केला आहे? नवे हवे आहे ते गरजेपोटी, की शेजारच्या गावाने बांधले म्हणून? आणि पाडणे अटळ असेल, तर हे कोणी बांधले, पैसा कोणी कोणी पोटाला चिमटा घेऊन दिला, वेदी कोणत्या सुताराने घडवली, हे आपण लिहून ठेवले आहे काय? एका छायाचित्रासाठी आज काहीच खर्च येत नाही. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. छायाचित्र काढताना भिंतीसमोर माणसेही उभी करावीत, आणि मागे त्यांची नावे लिहावीत. जुन्या छायाचित्रकारांना जे साधले नाही ते आपल्याला सहज साधेल.

यार्देन नदी ओलांडल्यावर यहोशवाने नदीच्या पात्रातील बारा धोंडे उचलून रचावयास सांगितले. हे धोंडे कशासाठी, असे पुढे मुले विचारतील तेव्हा त्यांना सांगता यावे, हा त्यामागील हेतू होता. धोंड्यांचे महत्त्व त्या प्रश्नात होते. ज्या घरात आजोबांना असा प्रश्न विचारला जातो आणि त्याचे खरे, काहीही न लपवलेले उत्तर मिळते, त्या घरापुरते तरी कोणतेही शहर पूर्णपणे नाहीसे होत नाही. या वर्षी मृतांच्या महिन्यात आपण आपल्या माणसांच्या कबरींवर फुले वाहू, तेव्हा घरातील जुन्या पेटीतली छायाचित्रेही एकदा बाहेर काढावीत, मुलांना शेजारी बसवावे, आणि त्यांनी काही विचारण्याची वाट पाहावी.